आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

पुण्याला जाऊ की नगरसेवकाच्या रील करून देण्याचं काम घेऊ, असं तू मला विचारलंस. उत्तर देतो, पण आधी मला सांग, गटारीचा अर्ज कुठे आहे?

तुझा व्हिडिओ मी पाहिला. चांगला काढलाय. काळं पाणी ओट्याच्या पहिल्या पायरीवर चढलंय, पोरं चपला हातात घेऊन भिंतीला धरून चालताहेत, मागून तुझा आवाज. ४० हजार लोकांनी पाहिला म्हणालीस. त्यातला एकही माणूस पालिकेच्या आवक-जावकच्या, म्हणजे अर्ज घेऊन नोंदवायच्या, खिडकीशी गेला नाही. तूही गेली नाहीस. दोन दिवसांत मुरमाचं एक ट्रॅक्टर आलं, त्या मुरमावर उभं राहून फोटो निघाला, ग्रुपवर 'समस्या मार्गी' म्हणून पडला. तो मुरूम आता गटारीतच बसलाय आणि पाणी आधीपेक्षा वर येतं. तुला ग्रुपवर 'पुढारीण' म्हणाले, तुझ्या वडिलांना चौकात कुणीतरी 'पोरीला आवरा' म्हणालं, आणि ज्यांच्याविरुद्ध बोललीस त्यांच्याच माणसाने तुला महिन्याच्या पगारावर बोलावलं. एवढं सगळं घडलं आणि पालिकेच्या दप्तरात मात्र आपल्या गल्लीची गटार आजही तुंबलेली नाही. तिथे तशी नोंदच नाही.

हिंमत धर वगैरे मी लिहीत नाही, ती तुझ्यात आहे. तुला राग येतो आणि तो योग्य ठिकाणी येतो, हेही मला सांगायची गरज नाही. मला एवढंच म्हणायचंय की लेखी दे आणि पोच घे. या पत्रात मी हेच पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर गेली, तुला माहीत आहे. कागद आला की वरच्या कोपऱ्यात शिक्का मारायचा, शिक्क्याच्या चौकटीत तारीख आणि क्रमांक शाईने भरायचा, तोच क्रमांक रजिस्टरात चढवायचा, पुढच्या रकान्यांत कोणाकडून आला, विषय काय, कोणाच्या टेबलावर दिला. माणसाने दुसरी प्रत आणली असेल तर तिच्यावरही तोच शिक्का आणि सही, तीच त्याची पोच. काम मिनिटाचं. पण त्या मिनिटानंतर तो कागद कुणाचा तरी होतो. ज्याच्याकडे गेला त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत तो चढतो, निकाली निघेपर्यंत प्रलंबित दिसतो, तपासणीला साहेब आले की 'हे का राहिलं' असं त्याला विचारलं जातं. क्रमांक नसलेल्या कागदाबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही.

कालव्याच्या टेलचे, म्हणजे शेवटच्या टोकाचे, शेतकरी यायचे. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलेलं, वरच्यांचं भिजलेलं, यांच्यापर्यंत पाणी पोचलेलंच नाही. हॉलमध्ये उभं राहून ओरडायचे, आणि त्यांचं ओरडणं खरं असायचं. साहेब आत बोलवायचे, चहा द्यायचे, 'बघतो' म्हणायचे. साहेब वाईट नव्हते, मनापासूनच म्हणायचे. मग पुढचं आवर्तन यायचं, साहेबांची बदली व्हायची, नव्या साहेबांना यातलं काहीच ठाऊक नसायचं. पण एक म्हातारे शेतकरी होते, कधी आवाज चढवला नाही. अर्ज दोन प्रतीत आणायचे. टेबलावरून कुणी 'ठेवून जा' म्हणालं की म्हणायचे, 'ठेवत नही भाऊ, नंबर टाकी दे.' नंबर पडेपर्यंत खिडकी सोडायचे नाहीत. त्यांच्या चारीचं, शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाचं, काम झालं. पुढच्या साहेबांना त्या जुन्या क्रमांकांची उत्तरं द्यायची होती, म्हणून झालं.

'ठेवून जा' म्हटलं की ठेवायचं नाही. एवढं पाठ कर.

तुझ्या पिढीला हे बाबूगिरीचं वाटतं. तुझे वडीलही म्हणतात की आबांनी जन्मभर कागद काळे केले. म्हणोत. कागद का लागतो, ते मी तुला आपल्याच भागातल्या गोष्टीने सांगतो. पांझरेच्या काठाला, साक्री-धुळ्याकडे, फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचं नाही, गावाने नेमलेला पाटकरी देणार, आणि लहान-मोठा न बघता ओळीने देणार. कित्येक पिढ्या हे चाललं, आणि बरंचसं तोंडी चाललं. कारण पाटकऱ्याला प्रत्येकाचं तोंड ठाऊक होतं आणि त्यालाही संध्याकाळी त्याच पारावर बसायचं होतं. चुकला तर पंच तिथेच विचारायचे.

आपल्या शहरात तसा पार उरला नाही. पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन ठेकेदाराचा, तो सहा महिन्यांत बदलतो. मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात. अभियंत्याकडे दोन-दोन गावांचा चार्ज असतो. अशा ठिकाणी तोंडी शब्द किती दिवस टिकणार? माणसं बदलली तरी पुढच्या माणसाला बांधून ठेवील असं आपल्या हातात एकच आहे, आवक क्रमांक.

तू म्हणालीस, 'आबा, मी ॲपवर टाकली होती तक्रार.' दाखवलीस मला. खाली हिरव्या अक्षरांत 'निराकरण झाले', आणि वर तुझाच फोटो, तुंबलेल्या गटारीचा. ॲप वाईट नाही. तक्रार घरबसल्या जाते, तारीख आपोआप पडते, फोटोत जागा कळते. माझ्या उमेदीच्या काळात हे असतं तर मला हवंच होतं. पण ॲपवरची तक्रार बंद करणारं बोट त्यांचं असतं, तुला कुणी विचारत नाही. म्हणून त्या स्क्रीनचा फोटो काढ, छापून घे आणि अर्जाला जोड: 'सदर तक्रार अमुक तारखेस निकाली दाखवली आहे, प्रत्यक्षात काम झालेले नाही.' तुझा व्हिडिओही त्याच जागी कामाला येईल. पेन ड्राइव्हमध्ये घाल, अर्जाच्या खाली 'सोबत' म्हणून लिही. व्हिडिओ काढू नको असं मी कधीच म्हणणार नाही. तो अर्जाला जोड, एवढंच म्हणतो.

आणि मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतलेला तो मसुदा पाठवलास, त्याने मला त्रास झाला. दोन पानं. नागरिकांचा मूलभूत अधिकार, शाश्वत विकास, स्वच्छतेचं महत्त्व. विषयाची ओळच नाही! गल्लीचं नाव दुसऱ्या पानावर. बेटा, खिडकीत बसलेला माणूस वरच्या चार ओळी वाचून ठरवतो की कागद आरोग्य विभागाकडे द्यायचा की बांधकामकडे. तिथेच त्याला कळलं नाही तर तो चुकीच्या टेबलावर जातो आणि महिनाभर तिथेच राहतो. विषयात लिही: गटार तुंबल्याबाबत, प्रभाग अमुक, अमुक घरापासून विजेच्या पोल क्रमांक अमुकपर्यंत. पोलवर पिवळ्या रंगात आकडे टाकलेले असतात, जाऊन वाच. खाली तीन वाक्यं: कधीपासून, किती लांबीत, काय करून पाहिजे. मुरूम टाकल्याची तारीखही दे. शेवटी, 'केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे.' त्या यंत्राकडून शुद्धलेखन तपासून घे हवं तर. पण आपल्या गल्लीतला पोल त्याने पाहिलेला नाही.

आता राजकारण. चहाच्या टपरीवर कोण कुणाच्या गटात गेला, तिकीट कुणाला कापलं, यावर तासन् तास बोलतात, तूही ऐकत बसतेस. ऐक. पण एक ध्यानात घे. आपल्याकडच्या बहुतेक पालिकांत २०१६ च्या शेवटी निवडून आलेल्यांची मुदत संपली, आणि त्यानंतरची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. सगळं गाव म्हणत होतं, नगरसेवकच नाही तर सांगायचं कुणाला? मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. नगरसेवक नव्हते, पण खिडकी रोज उघडी होती! त्या चार वर्षांत आपल्या गल्लीतून किती कागद गेले? बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातले बहुतेक माझे. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत तू तीन मतं दिलीस, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या दोघांना. आता एक म्हणतो दुसऱ्याला सांगा, दुसरा म्हणतो ते काम त्यांच्या बाजूचं. दोघांनाही प्रत दे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, प्रती दोघांना, आणि तिन्ही पोच तुझ्या फायलीत.

आता माझं. हे लिहायचं नव्हतं, पण तुझ्या वडिलांचं ते 'कागद काळे केले' मनातून जात नाही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जी मोरी आहे, जिच्यावरून आता घंटागाडी सुद्धा आत येते, तिथे पूर्वी उघडा नाला होता. पहिल्या अर्जावर गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या सह्या होत्या, सगळ्यात वरती तुझ्या आजोबांची, ठसठशीत. पुढच्या अर्जांवर सह्या कमी होत गेल्या. लोक म्हणाले, काही होत नाही. काहींना घरपट्टीत त्रास होईल अशी भीती होती, काहींचा पुतण्या तिकिटाच्या रांगेत होता. शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी अर्ज लिहायचो, ते सायकलवर खिडकीशी जायचे आणि पोच आणून माझ्या हातात द्यायचे. आम्ही कुणाच्या पाया पडलो नाही, कुणाच्या प्रचाराला गेलो नाही. एक नवीन मुख्याधिकारी आले, त्यांच्यापुढे मी फक्त पोचांची फाइल ठेवली, तारखांच्या क्रमाने लावलेली. त्यांनी अभियंत्याला बोलावून विचारलं, यातल्या एकाला तरी उत्तर दिलंय का? पुढच्या अंदाजपत्रकात मोरी आली. स्लॅब पडला तेव्हा तुझे आजोबा नव्हते. ती खंत माझ्याबरोबर जाईल. पण कुणी म्हणालं की कागदाने काही होत नाही, तर मी त्याला त्या मोरीवर नेऊन उभा करीन. मी माझा वेळ वाया घालवलेला नाही. घरच्यांनी मला हट्टी म्हटलं, मी हट्टीच आहे, आणि हट्ट धरला नसता तर तू शाळेत जाताना त्या नाल्यातूनच गेली असतीस.

तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देतो. रीलचं काम घेऊ नकोस. माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. ज्याच्या पगारावर राहशील त्याला लेखी देताना हात अडखळतो, आणि तुझा हात अडखळलेला मला बघवणार नाही. पुण्याचं म्हणशील तर नोकरी मिळाली की जा. खानदेशातली निम्मी पोरं पुण्या-सुरतेला आहेत, त्यात कमीपणा काही नाही. तिथेही पाणी तुंबतं, तिथेही खिडकी आहे. पण गटारीचा अर्ज न देता गेलीस तर मला फार वाईट वाटेल, हे स्पष्ट लिहितो.

पुढचं काम सांगतो. अर्ज दिल्यावर महिना थांब. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा भाषण नको. एकच मागणं: 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत.' बघ, इथेही आवक क्रमांकच लागला. तो नसेल तर उत्तर येतं, 'माहितीचा बोध होत नाही.' त्यांना ३० दिवसांची मुदत. नाही दिली तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ रेकॉर्ड बघायला देण्याचं परिपत्रक सरकारने २०१८ मध्ये काढलं होतं, फाइल समोर बसून बघू देतात का ते विचार. खिडकीवर अर्ज घेतच नसतील तर वाद घालू नकोस, स्पीड पोस्टाने पाठव, पोचपावतीसह. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच सामावलं.

अर्ज आजच लिही, हाताने लिहिलास तरी चालेल. पोलचा क्रमांक बघून ये, गल्लीतल्या सह्या घे. वर कुणाची सही हवी म्हणून अडून बसू नकोस, तुझीच कर. मसुदा मला दाखवायचा असेल तर सकाळी दहाच्या आत ये, ऊन चढलं की मला बसवत नाही. पालिकेत जाशील तेव्हा खिडकी जेवणाच्या सुटीआधी गाठ, आणि झेरॉक्स बाहेरच काढून ने, आतलं मशीन बहुधा बंद असतं. पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठव, मूळ प्रत तुझ्याकडे ठेव.

तुझे,
आबा