मधली वर्षं विचार

पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, 'काका, मी जेवलो पण नाही नीट, डोकं नुसतं गरगराय लागलंय, काय करू कळंना झालंय.' सकाळी फोन करणार होतो, पण फोनवर तू हो काका, हो काका म्हणतीस आणि ठेवून देतीस. म्हणून लिहितोय, वाच सगळं.

म्हणजे झालं असं की विद्यापीठाच्या स्नेहभोजनाला तू व्हॉलंटियर होतीस, पाहुण्यांना बुके देऊन टेबलाजवळ उभी, आणि पाऊण तासात तीन मोठ्या माणसांनी तुला तीन दिशांना पाठवलं. कारखानदार म्हणाले नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा. माजी कुलगुरू म्हणाले संशोधनात स्वतःला झोकून द्या. तिसरे परदेशातले प्रोफेसर, ते म्हणाले आधी घर सोडा, बाहेर पडा. इकडं तुझी एमएस्सी संपत आलीय, गोकुळ शिरगावच्या एका कंपनीतनं लॅबसाठी विचारणा आलीय, नेट परीक्षेचा अभ्यास अर्धा झालाय, आणि तुझ्या वडलांचा ऊस अजून कारखान्याला जायचाय. तिघं खोटं बोलले असं मी म्हणत नाही. चांगली माणसं आहेत, आपापल्या जागी राबलीत. पण तिघांनीही सुरुवात सांगितली आणि शेवट सांगितला. मधली वर्षं कुणी सांगितली का? तू विचारलीस का?

मला राग येतो तो इथं. त्या प्रोफेसरांना गाडीपर्यंत सोडायला तूच गेली होतीस, हॉलपासून पार्किंगपर्यंत पाच मिनिटं चालत, आणि तू त्यांना काय म्हणालीस तर 'सर, खूप इन्स्पायरिंग होतं.' अगं, पाच मिनिटं एवढा माणूस तुझ्या एकटीच्या वाट्याला आला होता! विचारायचं की सर, पहिली पाच वर्षं खर्च कोण भागवत होतं, घरी पैसे पाठवायला लागत होते का, आजारी पडला तेव्हा काय केलं.

हे मी कुठनं शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. १९८६ साली मी शिरोलीत एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये होतो, नोकरीचं तिसरं वर्ष. आमचे मिस्त्री रोज सकाळी मोल्डिंगची, म्हणजे साचे करायची, वाळू मुठीत घेऊन दाबायचे, मूठ उघडून तो गोळा मधोमध मोडायचे आणि कडा बघायचे. कड धारदार तुटली की पुढं चला, चुरा पडला की परत मिक्सरला. ओल मोजायचा मीटर होता लॅबमध्ये, पण मूठ आधी. मला म्हणायचे, अजून दोन वर्षं वाळू हातात धर, मग कुठं जायचं तिथं जा. त्याच वर्षी एका संस्थेच्या जेवणाला मला कुणीतरी सोबत नेलं आणि तिथं एका मोठ्या उद्योगपतींचं भाषण झालं. नोकरी म्हणजे गुलामी, मी तीन हजारावर सुरुवात केली, असं ते म्हणाले आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. माझ्या समोरच्या वाटीत पांढरा रस्सा गार होऊन त्यावर साय धरली होती, मी हात लावला नाही, मला वाटलं हा माणूस माझ्याशीच बोलतोय. पंधरा दिवसांत राजीनामा दिला.

चार वर्षं माझी स्वतःची छोटी फाउंड्री चालली. पंपाच्या केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, करायचो. वाळूत ओल जास्त राहिली की गरम लोखंड ओतल्यावर वाफ धरते आणि कास्टिंगला आत भोकं पडतात, वरनं दिसत नाही, गिऱ्हाइकानं मशिनिंगला घेतल्यावर दिसतं. गाडीच्या गाडी माल परत आला. शेवटी आईच्या पाटल्या गेल्या. आणि खूप नंतर मला कळलं की त्या उद्योगपतींचे थोरले भाऊ सरकारी नोकरीत होते आणि अकरा वर्षं त्या घराचा किराणा त्यांच्या पगारातनं भरला जात होता. भाषणात भाऊ नव्हता. मी तरी विचारलं होतं का?

लोक अजून म्हणतात की मी भिऊन परत नोकरीला लागलो. लागलो, आणि बावीस वर्षं केली. त्या नोकरीतनं कर्ज फेडलं, बहिणीचं लग्न केलं, आणि वाळू शिकलो, जी आधी शिकायला पाहिजे होती. मला त्याची लाज वाटत नाही. वाटतं ते एवढंच की मिस्त्री २००३ साली गेले आणि तुमचं बरोबर होतं हे मी त्यांना सांगायला गेलो नाही.

आणि आपल्या कोल्हापुरात तर हे कळायला कुठं लांब जायला नको. प्रत्येक भाषणात शाहू महाराज येतात, परवाही आले असणार. राधानगरीचं धरण महाराजांनी सुरू केलं हे सगळे सांगतात. पैशाअभावी काम अर्ध्यात थांबलं, १९२२ ला महाराज गेले तेव्हाही ते अपुरंच होतं आणि पुरं झालं स्वातंत्र्यानंतर, हे किती जण सांगतात? कर्मवीर भाऊराव आपल्या कुंभोजचे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, हे पाठ असतं. पण हा माणूस किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत होता, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, अंगावरचं सोनं, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ती मधली वर्षं आहेत. ज्या नांगरासाठी ते फिरले तो नांगर तरी कुठं सहज खपला? लोखंडानं जमिनीला विष बाधतं म्हणून शेतकरी हात लावत नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडायला लागली, औंधच्या राजांनी जागा दिली तेव्हा कुठं १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तर आता तुझं. रिसर्च करायचा म्हणतीस ना, मग जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते विचार. डिपार्टमेंटला तिसऱ्या-चौथ्या वर्षाला जे आहेत त्यांना गाठ, जे पीएचडी होऊन फोटोत आलेत त्यांना नको. फेलोशिप वेळेवर पडते का, नाही पडली तर ते काय करतात, गाईड किती दिवसांनी भेटतात, थिसिस कशानं अडलाय. गोकुळ शिरगावला जायचं असलं तर मॅनेजरला भेटून काही उपयोग नाही, दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाच वर्षं झालेल्या केमिस्टला विचार की पहिल्या वर्षापेक्षा आता जास्त काय येतं. उत्तर द्यायला तो अडखळला तर समजून घे. आणि घरी वडलांना विचार की अजून किती वर्षं तुझ्या पगाराशिवाय भागंल. हे तू विचारलेलं नाहीस, मला माहीत आहे, कारण विचारायची तुला भीती वाटतीय. विचार. ते रागावणार नाहीत, मी ओळखतो त्यांना.

त्या प्रोफेसरांचा ईमेल तुझ्याकडं असेलच, बुकेबरोबर कार्ड तूच घेतलं होतंस म्हणालीस. चार ओळी लिही. तुमचं भाषण आवडलं वगैरे एका ओळीत संपव आणि थेट मधल्या वर्षांचं विचार. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी परत पाठव.

पाठवायच्या आधी मला दाखव. रविवारी घरी ये, सकाळी अकरापर्यंत, काकू रस्सा करणार आहे आणि तो गरम असतानाच खायचा.

तुझा,
काका