वाचकांचे प्रश्न : सर्व्हरवर बाहेरच्या रिपॉझिटरी जोडाव्यात का?

प्रश्न : भोसरीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मालसाठ्याचा हिशेब रॉकी लिनक्स ९ (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सशी सुसंगत अशी मोफत प्रणाली) असलेल्या सर्व्हरवर चालतो. फेलटूबॅन (वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्यांना रोखणारा प्रोग्राम) मूळ रिपॉझिटरीत, म्हणजे प्रणालीच्या सॉफ्टवेअर भांडारात, मिळेना, म्हणून एका मित्राच्या सल्ल्याने एपेल, रेमी आणि ईएलरेपो या तिन्ही जोडल्या. गेल्या आठवड्यात अपडेट करताना एक अवलंबित पॅकेज (दुसऱ्या पॅकेजला चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर) सापडत नसल्याचे सांगून डीएनएफ, म्हणजे पॅकेजे बसवणारा प्रोग्राम, थांबले. आता तिन्ही काढून टाकाव्यात का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : फेलटूबॅन एपेलमध्येच मिळते, म्हणून एपेल राहू द्यावी, उरलेल्या दोन्ही तूर्त बंद ठेवाव्यात. एपेल फेडोरा प्रकल्पातील मंडळी सांभाळतात आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या मूळ पॅकेजांची जागा घेणारे काही तेथे ठेवायचे नाही, असा त्यांचा नियमच आहे. रेमीचा मुख्य उपयोग पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेच्या नव्या आवृत्त्यांसाठी, तर ईएलरेपोचा हार्डवेअर ड्रायव्हर आणि नव्या कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) होतो, आणि आपल्या पत्रात यांपैकी कशाचीच गरज दिसत नाही. मात्र बंद करण्यापूर्वी, बसवलेल्या पॅकेजांच्या यादीतील तिसरा रकाना पाहावा. तेथे ॲट चिन्हापुढे रिपॉझिटरीचे नाव असते. रेमीतून काही आधीच आले असेल, तर रिपॉझिटरी बंद केल्यावर त्याच्या सुरक्षा दुरुस्त्याही थांबतील.

आता थांबलेल्या अपडेटविषयी. एपेलमधील अनेक पॅकेजे सीआरबी नावाच्या, रॉकीच्याच एका जादा रिपॉझिटरीवर विसंबून असतात, आणि ती रॉकी ९ मध्ये मुळात बंद असते; बहुतेकदा दोष येथेच सापडतो. ती चालू असूनही अडचण राहिली, तर दुसरे कारण संभवते : एपेल ९ मधील पॅकेजे रेड हॅटच्या ताज्या आवृत्तीला धरून तयार होतात, त्यामुळे रेड हॅटची ९ मालिकेतील नवी उपआवृत्ती आल्यापासून रॉकीची येईपर्यंतच्या काळात एखादे पॅकेज अशी लायब्ररी (प्रोग्रामांना लागणारा सामाईक कोड) मागते, जी आपल्याकडे अजून पोहोचलेलीच नसते. अशा वेळी थोडे थांबणे हाच इलाज. त्रुटीच्या संदेशाखाली डीएनएफ स्वतःच 'स्किप ब्रोकन'चा, म्हणजे अडणारी पॅकेजे गाळून पुढे जाण्याचा, पर्याय सुचवते; तो एखाद्या वेळी ठीक, पण त्याची सवय लावून घेऊ नये, कारण गाळले गेलेले पॅकेज नेमके सुरक्षेचेच असू शकते. होकाराचे वाय दाबण्याआधी समोर आलेल्या तक्त्यात कोणते पॅकेज कोठून येत आहे, हे वाचावे. आपल्यापैकी बहुतेक जण ते वाचत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक बाब : एपेलच्या चालू रिपॉझिटरीत सहसा पॅकेजची केवळ शेवटची आवृत्ती ठेवली जाते. नवी आवृत्ती बिघडली आणि मागे जायचे म्हटले, तर जुनी तेथे नसते. म्हणून फेलटूबॅनची सध्या नीट चालणारी आरपीएम फाइल (पॅकेज ज्या रूपात मिळते ती फाइल), तिच्यासोबतच्या अवलंबित पॅकेजांसह, आजच उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवावी.