गोव्यात असेन्शनच्या सुमारास चर्चमध्ये आणि वाड्यावर नेमकं काय चालतं? आम्ही हिंदू, गेलो तर चालेल का?

चालेल. शेजारणीने तोंडाने बोलावलंय, तर जाच.

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून मडगावजवळच्या गावात भाड्याने राहायला आलात, शेजारणीने सांगितलं की येत्या रविवारी असेन्शन आहे आणि त्याच आठवड्यात वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाजवळ, लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, आहे. हा सण कसला, तिथे काय करायचं आणि परक्याने जाणं बरं दिसेल का, असे तुमचे प्रश्न. मी सावंतवाडीकडची कॅथलिक. शाळा मराठी, घरात मालवणी, लग्न होऊन सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, आले आणि इथल्याच फिर्गजेची, म्हणजे पॅरिशची, झाले. त्यामुळे तुमची अडचण मला कळते. माझा सल्ला एवढाच की आधी लादाइनीला जा, चर्चमध्ये नंतर. असेन्शनचा रविवार पाहून गोव्यातली फिर्गज समजायची नाही. ती समजते त्याच्या आगेमागे वाड्यावाड्यांत जे चालतं त्यातून.

आधी सणाबद्दल. ईस्टरला येशू मेलेल्यांतून उठला, त्यानंतर चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत स्वर्गात गेला, ही आमची श्रद्धा. कोंकणीत म्हणतात, जेजू सर्गार चडलो. चाळिसावा दिवस गुरुवारी येतो, पण भारतात हा सण पुढच्या रविवारी साजरा करतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून हीही बदलते: 2025 मध्ये हा रविवार 1 जूनला आला, 2026 मध्ये 17 मेला. गुरुवारचा रविवार केला हे मला पटतं. कामावर जाणाऱ्यांना, बोटीवर आणि हॉटेलात राबणाऱ्यांना गुरुवारी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येणं कुठलं जमायला! पण त्यात जुनं गणित थोडं विस्कटलं. गुरुवारी प्रभू वर गेला, शुक्रवारपासून शिष्य मरियेबरोबर प्रार्थना करत बसले, आणि नऊ दिवस भरल्यावर पेंतेकॉस्तच्या रविवारी पवित्र आत्मा उतरला. आमच्या सगळ्या नोव्हेनांचं, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांचं, मूळ या नऊ दिवसांत आहे. आता सण रविवारी होतो, पण पवित्र आत्म्याची नोव्हेना त्याच्या दोन दिवस आधीच, शुक्रवारी सुरू होते. सणाआधी नोव्हेना कशी, असं नव्या माणसाला वाटतं, त्याचं कारण हे.

असेन्शनला मोठं फेस्त, म्हणजे जत्रेसारखा सण, नसतो. दारूकाम नाही, बँड नाही. पांढऱ्या वस्त्रातले पाद्री, नेहमीपेक्षा थोडं जास्त गायन, आणि वेदीजवळ ईस्टरची मोठी मेणबत्ती. पूर्वी ती याच दिवशी शुभवर्तमान वाचून झाल्यावर विझवत; आता पेंतेकॉस्तपर्यंत तेवत ठेवतात. त्या दिवशीच्या वाचनात एक जागा मला दरवर्षी नव्याने लागते. शिष्य वर बघत उभे आहेत, आणि पांढऱ्या कपड्यातले दोघेजण येऊन त्यांना विचारतात की आकाशाकडे काय बघत राहिलात. प्रवचन बहुतेक वेळा याच प्रश्नावर येतं. मग लोक घरी जातात आणि खरोखरच कामाला लागतात. बहुतेक वेळा मे अर्धाअधिक सरलेला असतो, पाऊस दारात असतो, त्यामुळे कामं असतातच.

आता लादाईन. मे महिना सायबिणीचा, मरियामातेचा, आणि खुरसांच्या फेस्तांचाही. प्रत्येक वाड्यावर एक तरी खुरीस असतो, कुठे चौथऱ्यावर, कुठे छोटीशी कपेल, म्हणजे प्रार्थनाघर. आधीच्या दिवसांत तरुण पोरं गवत काढतात, चुना लावतात, बायका अबोलीच्या माळा करतात, कुणीतरी विजेच्या माळा सोडतं. संध्याकाळी आधी तेर्स, म्हणजे रोझरी, आणि मग लादाईन. ही मरियेच्या नावांची माळ, लॅटिनमध्ये गायची. एकजण पुढचं नाव घेतो, बाकीचे एका सुरात ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर. व्हायोलिन असेल तर फारच छान. शेतात काम करणारी, कधी लॅटिनचं पुस्तक न उघडलेली माणसं हे सगळं तोंडपाठ गातात, आणि नुसतं गात नाहीत, वरचा-खालचा आवाज वाटून घेऊन गातात. फिर्गजेच्या शाळांतून मेस्तांनी, म्हणजे संगीत शिकवणाऱ्या गुरुजींनी, पिढ्यान्‌पिढ्या जे संगीत शिकवलं, ते असं उघड्यावर टिकून आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात गोंयकार वादक एवढे का होते, याचंही उत्तर त्या शाळांत आहे; माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच.

तुम्ही काय करायचं? मागे उभं राहायचं. वाटलं तर मेणबत्ती लावा, फुलं द्या. कुणी काही म्हणणार नाही. इथल्या खुरसांवर हिंदू शेजारीही मेणबत्त्या लावतात. शेवटी ‘वीवा’ म्हणून आरोळी होते आणि उकडलेले चणे, त्यात खोबऱ्याचे तुकडे, सगळ्यांना वाटतात. मोठ्यांना घोटभर फेणी किंवा वाईन, मुलांना सरबत. फेणी नको असेल तर नको म्हणा, चणे मात्र घ्या. चणे न घेता निघून गेलेला माणूस यजमानाच्या मनाला लागतो. तेर्स संपल्यावर मुलं एकेका वडीलधाऱ्याकडे जाऊन ‘बेसांव’ मागतात, म्हणजे आशीर्वाद. तुमच्या मुलांना कुणी म्हाताऱ्या आजीने जवळ घेऊन बेसांव दिला तर गोंधळू नका. आपण वाकून नमस्कार करतो तसंच समजा.

लादाइनीचा खर्च दरवर्षी वेगळं घर किंवा घरांचा गट उचलतो. पाळी आलेल्या घरात आजारपण असेल तर वाडा मिळून करतो. फिर्गज म्हणजे विगार (मुख्य पाद्री) आणि चर्चची इमारत एवढंच नसतं, हे इथे कळतं. चर्चच्या मालमत्तेचा आणि पैशाचा कारभार फाब्रिक ही समिती बघते, कुफ्रारीचे, म्हणजे भक्तमंडळाचे, लोक मिरवणुकीत ओपमूस हा खास झगा घालून पुढे असतात, लहान मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवणाऱ्या बाया वर्षभर रविवार देतात. शिवाय वाडे छोट्या छोट्या क्रिस्ती समुदायांत वाटलेले असतात. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बसून शुभवर्तमान वाचायचं आणि मग सरळ विचारायचं: कोण आजारी आहे, कुणाकडे कुणी जाऊन आलं का, कुणाच्या घराचे नळे, म्हणजे छपराची कौलं, अजून परतायचे राहिलेत. आमच्या वाड्यावर असेन्शनच्या आसपासच्या बैठकीत हा नळ्यांचा प्रश्न ठरलेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची मुलं परदेशी असतात, पैसे येतात, पण छपरावर चढायला माणूस येत नाही. मग वाड्यावरची पोरं चढतात. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन सांक्रामेंत, म्हणजे पवित्र भाकर, देणारेही आमच्यातलेच साधे लोक असतात. मला विचाराल तर असेन्शनचा खरा अर्थ मी प्रवचनातून कमी आणि त्या बैठकांतून जास्त शिकले.

पुढे रविवारच्या मिसेला जावंसं वाटलं तर जरूर जा. मीस कोंकणीत असते. बऱ्याच फिर्गजांत एखादी इंग्रजीतही. कोंकणी पहिल्यांदा अवघड वाटेल, पण आठवडाभरात कान बसतो. मराठी माणसाला तर इथे परकं वाटायचं कारणच नाही. मडगावपासून जवळच्या राशोलला 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, मराठी ओवीत. त्या ओव्या गोव्यातल्या चर्चमध्ये गायल्या जात. खांदे-गुडघे झाकणारे साधे कपडे घाला, मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकणं तुमच्यावर बंधनकारक नाही. फक्त सांक्रामेंत, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला रांगेत जाऊ नका, ती दीक्षा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. जागेवर शांत बसून राहिलं तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मीस चालू असताना मोबाईलने फोटो मात्र काढू नका.

असेन्शननंतरच्या रविवारी, पेंतेकॉस्तला, मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचं फेस्त असतं. ते अजिबात चुकवू नका. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, कारण कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच: या जागी दामोदराचं देऊळ होतं, सोळाव्या शतकात ते मोडून चर्च बांधलं आणि देव जांबावलीला नेला. आजची इमारत 1675 ची. हा इतिहास दुखरा आहे, आणि तो लपवून तुम्हाला फेस्ताला बोलावणं मला प्रामाणिक वाटत नाही. पण फेस्ताच्या बाजारात आज हिंदू आणि क्रिस्तांव खांद्याला खांदा लावून असतात, हेही तितकंच खरं. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, हे आणखी ठळक दिसतं. शिरगावची लईराई ही तिची बहीण मानतात, आणि सायबिणीला तेल वाहायला हिंदू रांगा लावतात.

मडगावच्या या फेस्ताला लोक पुरुमेताचें फेस्त म्हणतात, कारण पावसाळ्याची बेगमी तिथेच होते. सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, मिरच्या, सोलं (आमसुलं), चिंच, कांद्याच्या माळा, माडाचा गूळ, विनागर (व्हिनेगर), मीठ. तुम्ही भाड्याच्या घरात पहिलाच पावसाळा काढणार, तेव्हा पंधरा-वीस दिवसांचं तरी सामान भरून ठेवा. जुलैत चार चार दिवस घराबाहेर पडवत नाही आणि ताजी मासळी महाग होते. एकट्याने जाऊ नका, शेजारणीला बरोबर घ्या. कोणत्या मिरचीला नुसता रंग आणि कोणतीला तिखटपणा, सुंगटं नीट वाळली आहेत की नाही, हे ती हातात घेऊन सांगेल. सामान कोरड्या बरणीत भरा आणि सुकी मासळी महिन्यातून एकदा, ऊन पडेल त्या दिवशी, बाहेर काढून ठेवा.