डिस्क निर्दोष, केबल संशयित

या महिन्याची पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, वडिलांनी टेप करून ठेवलेल्या मैफली असं सगळं एका जागी ठेवायला लोक घरच्या घरी सर्व्हर जुळवायला लागले आहेत. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरवर फारसं कुणी अडलेलं नाही. अडलेत ते कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात तारा ओढण्यात आणि बांधण्यात गेली, त्यामुळे संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे ढकलला यात नवल नाही.

काका, जुन्या कॅबिनेटमध्ये ४ टीबीच्या सहा डिस्क बसवून सर्व्हर केला, ओपनमीडियाव्हॉल्ट हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं. मधूनच एक डिस्क गायब होते. सर्व्हर बंद करून चालू केला की परत दिसते. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, बदला. डिस्कला वर्षही झालेलं नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा आहे, म्हणजे पॉवर कमी पडायचं कारण नाही. आतला फोटो सोबत पाठवतोय. — एक वाचक, रामबाग

दुकानदाराच्या सांगण्यावरून डिस्क बदलू नका. आधी डिस्कलाच विचारा. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये त्याच नावाचं पान आहे. तिथे ५ क्रमांकाच्या ओळीत खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर मोजलेले असतात, १९७ च्या ओळीत वाचताना अडलेले. हे दोन्ही आकडे शून्य आणि १९९ समोरचा मात्र फुगलेला, असं असेल तर तबकड्या ठणठणीत आहेत. १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेत माहिती किती वेळा बिघडली त्याची मोजणी. ती वाट म्हणजे तुमची डेटा केबल. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो वापरणाऱ्यांना हीच ओळ सी७ नावाने दिसेल, आणि आकडे सोळाच्या पायावर लिहिलेले असतात. तिथे १० दिसलं तर ते सोळा समजा.

हा १९९ चा आकडा वाढतो, उतरत मात्र नाही. केबल बदलल्यावरही जुनाच आकडा बघून लोक हवालदिल होतात. आजचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, केबल बदला, महिनाभर बघा. तिथेच थांबला तर चोर सापडला. नवी केबल खटका असलेली घ्या, म्हणजे बसल्यावर ‘टक’ आवाज करणारी पत्र्याची क्लिप असलेली. एक मीटरपेक्षा लांब घेऊ नका, साटाची, म्हणजे डिस्क जोडायच्या या पद्धतीची, मर्यादाच तेवढी आहे. तुमच्या कॅबिनेटला अर्धा मीटर पुष्कळ. आणि बघू बघू म्हणत रोज काढ-घाल करू नका. या कनेक्टरचं आयुष्य साधारण ५० वेळा लावण्या-काढण्याचंच धरलेलं आहे.

पण तुमचा फोटो मोठा करून पाहिला आणि मला डेटा केबलपेक्षा पॉवरची जास्त काळजी वाटली. एसएमपीएसमधून आलेल्या एका साटा कनेक्टरला तुम्ही एकाचे अनेक फाटे करणारा स्प्लिटर लावलाय आणि त्यावर चार डिस्क टांगल्या आहेत. साटा पॉवर कनेक्टरला १५ पिन असतात, त्यांतल्या तीन १२ व्होल्टच्या. एका पिनने दीड अँपियर वाहावा असं प्रमाण, म्हणजे तिघींचे मिळून साडेचार. साडेतीन इंची डिस्क एकदा फिरायला लागली की फार खात नाही. पण थांबलेल्या तबकड्या वेग घेतात त्या काही सेकंदांत ती १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते. तुम्ही सकाळी बटण दाबता तेव्हा साडेचार अँपियरच्या वाटेने आठ अँपियर जायला बघतात. ४५० वॅट आहेत हो, पण ते एसएमपीएसचे. त्या पिनांना त्याचं काय? कनेक्टर तापतो, पिन सैल होतात, व्होल्टेज क्षणभर पडतं आणि रांगेतली शेवटची डिस्क मान टाकते. गायब होणारी डिस्क स्प्लिटरच्या टोकाचीच आहे का, हे मला नक्की कळवा.

उपाय सोपा आहे. बहुतेक एसएमपीएसमधून साटाच्या दोन माळा बाहेर पडतात. तीन डिस्क एका माळेवर, तीन दुसरीवर. एका साटा कनेक्टरवरून फार तर दोन डिस्क काढा. कनेक्टर कमी पडले तर मोलेक्सवरून फाटा घ्या, कारण त्या जुन्या चार पिनी प्लगच्या पिन जाड असतात आणि जास्त ओझं उचलतात.

इथे एक धोका आहे आणि तो मी ठासून सांगणार आहे. मोलेक्स-ते-साटा कन्व्हर्टर दोन जातींचे मिळतात. एकात साटा बाजूचा कनेक्टर म्हणजे तारांवर ओतलेलं प्लॅस्टिक. पाठीमागून बघितलं तर एकसंध गोळा आणि त्यातून बाहेर आलेल्या तारा. ओतताना आत तारा सरकतात, १२ आणि ५ व्होल्ट एकमेकांच्या अंगाला लागतात, आणि काही महिन्यांनी बसल्या जागी धूर निघतो. असे जळालेले कन्व्हर्टर जगभरच्या लोकांनी पाहिले आहेत. दुसऱ्या जातीत कनेक्टरच्या पाठीला वेगळं झाकण असतं आणि प्रत्येक तार आपापल्या खाचेत दाबून बसवलेली दिसते. आमच्या एक्स्चेंजमधल्या क्रोन मॉड्यूलवर तार पात्यात बसायची, तशी. हीच घ्यायची. आपल्या इंदुरात आर.एन.टी. मार्गावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत नुसतं ‘कन्व्हर्टर द्या’ म्हटलंत तर बहुधा ओतीवच हातात पडेल, तो स्वस्त. काउंटरवरच उलटा करून पाठ बघा.

जुना मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस जळाला, नवा त्याच कंपनीचा घेतला. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये मागून फिरवून छान बसवल्या आहेत. त्या तशाच ठेवून फक्त एसएमपीएस बदलला तर? प्लग तर बसतात. — सुदामा नगर

प्लग बसतात हीच तर फसगत आहे. डिस्ककडचं टोक जगभर सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनवर काय द्यायचं याचं काहीच प्रमाण नाही. कंपनी बदलली की मांडणी बदलते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलते. जिथे ५ व्होल्ट जायचे तिथे १२ गेले की त्या माळेवरच्या सगळ्या डिस्क एका दमात जातात. जुन्या केबल काढा आणि त्या पिशवीवर जुन्या एसएमपीएसचं नाव लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचा भाचा त्या वापरेल.

शंका असेल तर डिस्क जोडायच्या आधी मल्टिमीटर लावा. २४ पिनी प्लगमधली हिरवी तार, म्हणजे १६ नंबरची पिन, शेजारच्या काळीला टाचणीने जोडली की मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू होतो. केबल काळ्या रंगाच्या असतील तर पिन मोजूनच जा. १२ व्होल्टला ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टला ४.७५ ते ५.२५ एवढा फरक चालतो.

ज्यांच्या हातून हे आधीच घडलंय त्यांनी डिस्क लगेच भंगारात टाकू नये. तिच्या हिरव्या बोर्डवर पॉवरच्या पिनांजवळ दोन छोटे काळे डायोड असतात, एक ५ व्होल्टचा आणि एक १२ चा. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन मागच्याला वाचवतात. चांगला कारागीर शॉर्ट झालेला डायोड काढून डिस्क जिवंत करू शकतो, निदान आतला माल उतरवून घेण्यापुरती. ज्या डिस्कवर एकुलते एक फोटो आहेत तिच्यावर मात्र हा प्रयोग घरी नको.

काका, मी इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी जास्त डिस्क जोडायचं जुनं एलएसआय ९२११-८आय कार्ड घेतलं आणि एका टोकाला कार्डात बसणारा एसएफएफ-८०८७ प्लग, दुसऱ्या टोकाला चार साटा अशी केबल मागवली. कार्ड दिसतं, डिस्क एकही दिसत नाही. त्याच डिस्क मदरबोर्डला लावल्या की चालतात. — एक विद्यार्थिनी, भंवरकुआं

तुला बहुतेक उलटी केबल आली आहे. फॉरवर्ड आणि रिव्हर्स ब्रेकआउट अशा दोन केबल असतात आणि शेजारी ठेवल्या तर आईलाही ओळखू येणार नाहीत. कार्डाकडून चार डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स असते ती मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांकडून डिस्कच्या बॅकप्लेनकडे, म्हणजे डिस्क थेट खुपसायच्या पाटीकडे, जायला. आतल्या जोडण्या वेगळ्या, म्हणून कार्ड, डिस्क, केबल सगळं धडधाकट असूनही कुणी कुणाशी बोलत नाही. विकणाऱ्याच्या पानावर ‘फॉरवर्ड’ हा शब्द लिहिलेला असेल तरच मागव; ‘दोन्हीला चालते’ असं कुणी म्हणालं तर पुढचं दुकान बघ.

झेडएफएस ही फाइलपद्धत वापरणार असशील तर कार्डावर आयटी फर्मवेअर (डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं आतलं सॉफ्टवेअर) आहे का तेही तपास, डिस्कचा गट स्वतः करणारं रेडवालं आयआर नको. आणि हे कार्ड मोठ्या सर्व्हरच्या वाऱ्यात राहायला बनवलेलं आहे. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये त्याचं हीटसिंक हात लावू नये इतकं तापतं. ४० मिलिमीटरचा छोटा पंखा त्याच्यावर बसव, खर्च किरकोळ आहे.

एम.२ एसएसडी बसवल्यापासून दोन हार्ड डिस्क दिसेनाशा झाल्या. — महू

मदरबोर्डचं पुस्तक उघडा. कित्येक बोर्डांवर एम.२ खाच आणि साटाचे एक-दोन पोर्ट, बहुधा पाच आणि सहा नंबरचे, एकाच वाटेवर असतात. खाच भरली की ते पोर्ट बंद. डिस्क दुसऱ्या पोर्टांवर हलवा. पोर्ट संपले असतील तर एएसएम११६६ चिप असलेलं सहा पोर्टांचं कार्ड घ्या.

बाहेरून लावायची यूएसबी डिस्क खोलून आतली डिस्क काढली. सर्व्हरला लावली तर फिरतच नाही. — देवास

साटाच्या नव्या प्रमाणात पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं असतं. तुमचा एसएमपीएस जुन्या पद्धतीने तिथे ३.३ व्होल्ट देतोय, आणि डिस्क बिचारी हुकूम पाळतेय. डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपची अरुंद पट्टी चिकटवा, लगेच फिरेल. साधी सेलोटेप नको, ती उष्णतेने सुटते. वॉरंटी मात्र खोललीत तेव्हाच गेली असं धरा.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. सर्व्हर माळ्यावर ठेवावा म्हणते, आवाज नको. केबल बांधायचीही योग्य पद्धत सांगा. — एक वाचक भगिनी, राजेंद्र नगर

ताई, माळा नको. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रींचं, कौतुक खरं, पण मे महिन्यातल्या स्लॅबखालच्या माळ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. चाळीसच्या वर तापलेल्या हवेने डिस्क गार कशी होणार? डिस्कचं तापमान ४५ च्या आत ठेवायचं असं मी धरतो. खोलीत, जमिनीपासून थोडं वर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. समोरचा पंखा डिस्कवरूनच हवा ओढेल असा हवा, आणि जागा असेल तर दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडा. पुढची जाळी पंधरवड्याला ब्रशने झाडा. निम्मा आवाज तर सैल स्क्रूंचाच असतो. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचा ६-३२ स्क्रू लागतो, एसएसडीला बारीक आट्यांचा एम३. एम३ मोठ्या डिस्कमध्ये नुसता लोंबकळतो, ती मग रात्रभर गुणगुणते.

केबल बांधण्याबद्दल माझं मत जरा जुन्या खात्यातल्या माणसाला न शोभणारं आहे. एक्स्चेंजमध्ये आम्ही मेणाच्या दोऱ्याने तारा अशा आवळायचो की साहेबांनी पट्टी लावून बघावी. साटाच्या डेटा केबलना ते मानवत नाही. घट्ट जुडी बांधली की एकीचा आवाज दुसरीत जातो, आणि काटकोनात दुमडली तर आतल्या तारांमधलं अंतर बिघडतं. पॉवरच्या केबल खुशाल आवळा. डेटाच्या केबल सैल, गोलाई ठेवून, वेलक्रोने. पंख्यासमोर काही लोंबत नाही एवढं बघितलं की पुरे.

बांधायच्या आधी प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूला तिच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटवा. उद्या सॉफ्टवेअर सांगेल की अमुक नंबरची डिस्क आजारी आहे, तेव्हा सहा सारख्या डिस्कमधून चुकून धडधाकट डिस्क ओढली जाणार नाही.

घरी इन्व्हर्टर आहे. मग सर्व्हरला वेगळा यूपीएस कशाला? — लोकमान्य नगर

इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि साधा असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर बदल व्हायला इतका वेळ लागतो की सर्व्हर बंद पडून परत सुरू होतो, आणि डिस्कवर लिहिणं चालू असेल तर अर्धवट राहतं. बटण यूपीएसकडे करा, बराच त्रास वाचेल. तरी इन्व्हर्टर एक गोष्ट करत नाही: बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला सांगत नाही. यूएसबी पोर्ट असलेला छोटा यूपीएस ते सांगतो आणि नट नावाचं फुकट सॉफ्टवेअर सर्व्हर नीट बंद करतं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लाटेची वीज देणारा, असेल तर त्याच्या पुढे लावलेला यूपीएस ती वीज नाकारून स्वतःची बॅटरी संपवत बसतो, म्हणून यूपीएसचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर न घेता थेट मेनवर घ्या. अर्थिंग त्या पॉइंटला खरंच आलंय का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या.