हेडफोनमध्ये आलेले शब्द

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा मी बेळगावात गणपत गल्लीच्या बाजारात होते. दोन्ही हातांत पिशव्या, आजूबाजूला गलका. तू दोनदा विचारलंस, "अक्का, मी सांगू काय नको?" त्याचं उत्तर रस्त्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं, म्हणून रात्री लिहायला बसले.

सांग. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीनं साक्षीला बोलावलंय, तर जा आणि सांग. आता कसं सांगायचं ते लिहिते.

तुझ्या बोलण्यातून मला कळलं ते असं. मालिकेचं डबिंग चाललं होतं. आवाज देणारी मुलगी आत बूथमध्ये, तू बाहेर रेकॉर्डिंगच्या कन्सोलवर. डबिंग डायरेक्टर, म्हणजे स्टुडिओचा मालकच, 'भाव समजावून सांगतो' म्हणून आत गेला. बूथचा माइक चालू होता. तो तिला जे बोलला ते तुझ्या हेडफोनमध्ये आलं. मागे बसलेल्या दोघांच्या कानावर काही गेलं नाही, कारण स्पीकर बंद होते. आता तिनं लेखी तक्रार दिली आहे, साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलं आहे, आणि मालकाच्या वकिलाची नोटीस तुझ्या घरी खानापूरला येऊन पडली आहे.

आपल्या धंद्यातली खोलीच अशी बांधलेली असते की आतला आवाज बाहेर जाऊ नये. भिंतींना फोम, दार जाड, आत एक माणूस, बाहेर एक माणूस. दुसऱ्या कचेऱ्यांत निदान कुणी जाता-येता बघतं. इथं बघणारा आणि ऐकणारा बहुतेक वेळा कन्सोलवरचा एकटाच असतो. म्हणून तुझ्या शब्दाला इतकं वजन आलं आहे.

माझं एक सांगते, कारण ते झाकून तुला शहाणपण शिकवायचा मला हक्क नाही. मी तुझ्याच वयाची होते. एका रेकॉर्डिंगला माझं वाचन संपलं होतं आणि मी हेडफोन न काढता पुढच्या मुलीचं वाचन ऐकत बसले होते. तिथला एक माणूस तिला जे बोलला ते मी शब्दन्शब्द ऐकलं. आठवड्यानं तिनं धीर करून तोंड उघडलं आणि मला बोलावून विचारण्यात आलं. मी म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही." वाक्यात श्वास कुठं चुकला ते दाराबाहेरून ओळखणारी मी, मला नीट ऐकू आलं नाही. त्या काळी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा नव्हता. त्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल 1997 चा आणि कायदा 2013 चा. पण त्या मुलीला माझ्याकडून कायदा नको होता, एक वाक्य हवं होतं. ती पुन्हा कधी त्या माइकपुढं उभी राहिली नाही. पुढं मी काही संस्थांच्या अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून बसले, तेव्हा साक्षीदाराच्या तोंडून तेच वाक्य कितीतरी वेळा ऐकलं. दर वेळी मान खाली जायची.

आता तुझ्या प्रकरणाचं. तुमच्या स्टुडिओत दहापेक्षा कमी माणसं आहेत आणि तक्रार थेट मालकावर आहे. अशी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीपुढं चालते, तेव्हा ती योग्य ठिकाणी गेली आहे. 'ती काय माझ्या पगारावर आहे? एपिसोडमागं पैसे घेऊन जाते,' असं तो सगळीकडं सांगत सुटलाय म्हणालास. सांगू दे. रोजंदारीवरची, कंत्राटावरची, शिकाऊ, अगदी बिनपैशानं काम करणारी बाईही या कायद्यानं कर्मचारीच ठरते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत ती वाढवू शकते. तिनं मुदतीत दिली आहे. ती बाजू ती सांभाळेल.

तुझं काम फक्त साक्षीचं. आज रात्रीच वही काढ. तारीख, वेळ, कुठला एपिसोड, कुठला सीन, कितवा टेक चालला होता, खोलीत कोण होतं, हे लिही. मग तो जे बोलला ते जसंच्या तसं, त्याच भाषेत. तो कन्नडमध्ये बोलला असेल तर कन्नडच लिही, मराठी करू नकोस. घाण शब्द असेल तर घाण शब्दच लिही. जिथं शब्द आठवत नाही तिथं रिकामी जागा सोड. आणि जे तुला दुसऱ्यांकडून कळलं, की तो आधीही असा वागायचा वगैरे, ते या वहीत येऊ देऊ नकोस. तू ते ऐकलं नाहीस. ते चहाच्या टपरीवर आलं होतं, हेडफोनमध्ये नाही.

यावर माझा इतका जोर का, ते कळण्यासाठी अब्रूनुकसानीचा कायदा थोडा बघावा लागेल. भारतीय न्याय संहितेचं कलम 356, पूर्वीचं 499 आणि 500. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. ऐकून घाबरायला होतं. पण त्याच कलमात अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे अधिकार असलेल्या व्यक्तीपुढं सद्भावनेनं केलेला आरोप. समिती ही तशी अधिकाराची जागा. आता कायद्यातली 'सद्भावना' म्हणजे नुसतं मन स्वच्छ असणं नव्हे. योग्य काळजी न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. तुझी वही म्हणजे ती काळजी. हेच तू इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकून लिहिलंस तर हा आडोसा तुला मिळणार नाही. शिवाय चौकशीतला मजकूर, तिचं नाव, त्याचं नाव, साक्षीदाराचं नाव जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे. तुझ्या रागानं तिचं नाव खानापूर ते निपाणी फिरेल, आणि ते तिला नको असेल.

आणि ती फाइल. तू म्हणालास, त्या टेकची रॉ फाइल स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर असणार, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवू काय? नको. ती मालकाची मालमत्ता आहे, मालिकाही अजून बाहेर आलेली नाही. चोरीचा ठपका आला की तुझी साक्ष बाजूला राहील आणि पेन ड्राइव्हचीच चर्चा होईल. कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. जबाबात लिहून दे की अमुक तारखेची, अमुक सेशनची फाइल आहे, कृपया मागवावी. हे उद्याच कर, कारण डिस्क भरली की जुने टेक उडवतात हे तुलाही माहीत आहे. मालकाचे तुला आलेले व्हॉट्सॲप मेसेज मात्र तुझेच आहेत. ते पुसू नकोस, फोन बदलू नकोस. पुढं प्रकरण कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन लागेल.

नोटिशीचं. नोटीस म्हणजे खटला नव्हे. फौजदारी अब्रूनुकसानीत पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून तुला उचलू शकत नाहीत, मालकाला स्वतः दंडाधिकाऱ्यापुढं तक्रार करावी लागते. आणि ज्या वकिलाच्या सहीनं तुझ्या आईची झोप उडाली, तो त्या समितीपुढं मालकाची बाजू मांडायला येऊच शकत नाही. तिथं कुठल्याच बाजूला वकील आणता येत नाही. नोटिशीला उत्तर मात्र फोनवरून देऊ नकोस. एखाद्या वकिलाकडून दोन ओळींचं लेखी उत्तर जाऊ दे.

अमेरिकेत टेक्ससमध्ये अगदी आपल्या धंद्यातलं प्रकरण झालं. ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनचं, इंग्रजी डबिंग करणाऱ्या एका नामांकित अभिनेत्यावर सहकाऱ्यांनी गैरवर्तनाचे आरोप केले, कंपनीनं चौकशी करून त्याचं काम थांबवलं. त्यानं आरोप नाकारले आणि 2019 मध्ये कंपनीवर आणि सहकाऱ्यांवर बदनामीचा दावा लावला. तिथल्या कायद्यानं दावा लावणाऱ्याला सुरुवातीलाच पुरावा दाखवावा लागतो. तो पुरेसा न दिसल्यानं त्याच वर्षी दावा निकालात निघाला आणि 2022 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. आपल्याकडं अशी चाळणी नाही. एका मंत्र्यावर गैरवर्तनाचा आरोप केला म्हणून पत्रकार प्रिया रमाणींवर अब्रूनुकसानीचा खटला 2018 मध्ये दाखल झाला, त्या निर्दोष सुटल्या 2021 च्या फेब्रुवारीत. दोन वर्षांहून जास्त तारखा. त्या निकालात कोर्टानं म्हटलं की बाईला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर आणि कित्येक वर्षांनीही मांडता येते. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. पण तुझ्या प्रकरणात तो हक्क त्या मुलीचा आहे, तिची गोष्ट आहे. तू तिच्या आधी बोलू नकोस.

काम जाईल ही भीती खोटी नाही. गायिका आणि डबिंग कलाकार चिन्मयी श्रीपदा यांनी 2018 मध्ये एका गीतकारावर आरोप केले (त्यांनी ते नाकारले), आणि पुढच्याच महिन्यात डबिंग कलाकारांच्या संघटनेनं चिन्मयींचं सदस्यत्व काढलं. कारण दिलं थकलेल्या वर्गणीचं. तेव्हा तुझं काही बिघडणार नाही असं मी म्हणणार नाही. पण कन्नडमध्ये बाहेरचे सिनेमे डब करायला कित्येक दशकं अघोषित बंदी होती. 2015 मध्ये स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला, आणि आपल्या भागातल्या दोन्ही भाषा येणाऱ्या पोरांना हळूहळू मागणी आली. एका मालकाच्या हातात तुझं सगळं आयुष्य नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यात काळजीचं वाटतं ते. तुझा जबाब बहुधा कन्नडमध्ये लिहिला जाईल. तुला कन्नड बोलता येतं, खरं कचेरीतलं कन्नड वेगळं. आणि मराठीत लिहिला तरी आपली मराठी बाहेरच्याला कळेलच असं नाही. एका समितीवर मी बघितलंय. आपल्याकडच्या मुलीनं सांगितलं, "मी तिथंच होतो, खरं मी बघितलो नाही." लिहून घेणाऱ्या बाहेरच्या बाईंनी 'होतो' वरून बोलणारा पुरुष समजला आणि 'खरं' म्हणजे 'खरोखर'. आपलं 'खरं' म्हणजे 'पण', हे मला टेबलावर हात ठेवून सांगावं लागलं. तेव्हा सही करायच्या आधी जबाब वाचून दाखवायला सांग. चुकला असेल तर दुरुस्त करून घे, आणि एक प्रत माग. प्रतिपक्षालाही आपलं म्हणणं मांडायला कामाचे दहा दिवस मिळतात, त्यावर चिडू नकोस. तो निर्दोष असेल तर त्यालाही तीच संधी हवी.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. वही आण, समितीचं पत्र आण, नोटीस आण. कन्नड कागद आपण दोघं मिळून ओळीनं वाचू. आईलाही घेऊन ये, जेवायलाच या.

तुझी,
अक्का