अल्मालिनक्स ८ वरून ९ वर गेल्यावर फायरवॉलडी आतल्या मशिनींचं इंटरनेट का अडवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसचा गेटवे, म्हणजे आतल्या मशिनींना इंटरनेट पुरवणारं मशीन, अल्मालिनक्स (लिनक्सचा एक प्रकार) ८ वर चालू होता. ९ नव्याने बसवलं आणि फायरवॉलडी या फायरवॉल प्रोग्रामची जुनी /ईटीसी/फायरवॉलडी ही डिरेक्टरी जशीच्या तशी कॉपी केली. आता गेटवेवरून इंटरनेट चालतं, पण आतल्या मशिनींवर नाही. बाहेरून आत केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरचं कनेक्शन आतल्या मशिनीकडे वळवणं) मात्र सुरू आहे. गेटवेवरचीच इंट्रानेट साइट काही मशिनींना ‘नो रूट टू होस्ट’ म्हणते. तुम्ही विचारताय, हा बग आहे का, आणि आयपीटेबल्स बॅकएंडवर (फायरवॉलडी नियम ज्याच्यामार्फत लावतो ती जुनी यंत्रणा; नवी म्हणजे एनएफटेबल्स) परत जावं का?

बग नाही. परत गेल्यानेही काही सुटणार नाही, कारण बदल बॅकएंडचा नाही, फायरवॉलडीच्या नियमांच्या अर्थाचा आहे. ८ मध्ये ०.९ मालिका होती, ९ मध्ये १.x आहे. मधल्या १.०.० मध्ये (२०२१) बऱ्याच मोकळ्या सुटलेल्या गोष्टी मुद्दाम आवळल्या गेल्या.

कमांडी खाली देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.

आधी इंटरफेस (नेटवर्क कार्डं) कुठल्या झोनमध्ये, म्हणजे नियमांच्या कुठल्या गटात, आहेत ते बघा. नव्या इन्स्टॉलमध्ये नेटवर्क कार्डाची नावं बदलतात, मग जुन्या फाइलमधलं नाव कुणालाच लागू होत नाही आणि इंटरफेस गुपचूप डीफॉल्ट झोनमध्ये, म्हणजे बहुधा पब्लिकमध्ये, जाऊन बसतो.

फायरवॉल-सीएमडी --गेट-अ‍ॅक्टिव्ह-झोन्स

इथे आतलं कार्ड इंटर्नलमध्ये आणि बाहेरचं एक्स्टर्नलमध्ये दिसायला हवं. नसेल तर एनएमसीएलआयने (नेटवर्कमॅनेजरची कमांड) त्या कनेक्शनचा कनेक्शन.झोन बदला. फायरवॉलडीची एक्सएमएल फाइल हाताने सुधारण्यावर विसंबू नका, नेटवर्कमॅनेजरमध्ये झोन लिहिलेला असेल तर पुढच्या बूटला तो स्वतःचंच म्हणणं खरं करतो.

आता मुख्य दुखणं. ०.९ पर्यंत झोनवर मास्करेड (आतल्या मशिनींच्या पत्त्याऐवजी गेटवेचा पत्ता लावणं) लावलं की त्या झोनमधून बाहेर जाणाऱ्या नव्या कनेक्शनांना परवानगीचा नियमही आपोआप पडायचा. शिवाय आतल्या झोनचं टार्गेट (कुठलाच नियम लागू झाला नाही तर घ्यायचा निर्णय) ‘डीफॉल्ट’ असेल, तर फॉरवर्ड होणाऱ्या पॅकेटचा निकाल बाहेरच्या झोनच्या टार्गेटवर लागायचा. म्हणजे पत्ता बदलणं आणि जाऊ देणं ही दोन वेगळी कामं एकाच बटणाला बांधलेली होती. १.०.० पासून ‘डीफॉल्ट’ टार्गेट जवळपास ‘रिजेक्ट’सारखंच वागतं, फरक एवढाच की मशिनीकडे येणारं आयसीएमपी (पिंग वगैरे) चालतं. एका झोनमधून दुसऱ्यात जायचं तर आता स्पष्ट पॉलिसी (दोन झोनमधल्या वाहतुकीचा नियम) लिहावी लागते.

तुमची लक्षणं यात नेमकी बसतात. आतून गेटवेला पिंग केलं तर उत्तर येतं, कारण ते इनपुट, म्हणजे गेटवेसाठीच आलेलं. ८.८.८.८ ला केलं तर गेटवेच ‘पॅकेट फिल्टर्ड’ सांगतो, कारण ते फॉरवर्ड, म्हणजे गेटवेतून पुढे जाणारं. आणि बाहेरून आत केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग चालतं, कारण डीएनएटी झालेल्या (मुक्कामाचा पत्ता बदललेल्या) पॅकेटला फॉरवर्ड चेनमध्ये वेगळा नियम आधीच सोडतो. त्यामुळे ‘फॉरवर्डिंग तर चालू आहे की’ असं वाटून माणूस भलतीकडे शोधत बसतो.

पॉलिसी अशी लिहा (इन्ग्रेस म्हणजे पॅकेट येतं तो झोन, इग्रेस म्हणजे जातं तो):

फायरवॉल-सीएमडी --परमनंट --न्यू-पॉलिसी लॅन-टू-वॅन
फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-टू-वॅन --अ‍ॅड-इन्ग्रेस-झोन इंटर्नल
फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-टू-वॅन --अ‍ॅड-इग्रेस-झोन एक्स्टर्नल
फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-टू-वॅन --सेट-टार्गेट अ‍ॅक्सेप्ट
फायरवॉल-सीएमडी --रीलोड

टार्गेटचं नाव कॅपिटल अक्षरांत लागतं. नवी पॉलिसी फक्त परमनंटमध्येच (फाइलीत साठवलेल्या नियमांत) बनते, म्हणून रीलोड टाळता येत नाही. टार्गेट न दिल्यास ते ‘कंटिन्यू’ राहतं. म्हणजे पॉलिसी दिसते, पण पॅकेट पुन्हा झोनच्या रिजेक्टवर जाऊन आपटतं. प्रायॉरिटी आपोआप -१ मिळते. ऋण आकडा म्हणजे झोनच्या नियमांच्या आधी, धन म्हणजे नंतर. शून्य घेता येत नाही. सगळंच सोडायचं नसेल तर टार्गेट रिजेक्ट ठेवून हव्या तेवढ्या सर्व्हिस पॉलिसीत घाला. बारक्या ऑफिसात मी अ‍ॅक्सेप्टच ठेवेन, नाहीतर दर आठवड्याला कुणाचं तरी नवं अ‍ॅप अडतं.

मास्करेड एक्स्टर्नल झोनवरच राहू द्या, तिथे ते मुळातच चालू असतं. ते पॉलिसीत हलवायचा मोह होतो, पण इन्ग्रेस झोनला इंटरफेस जोडलेला असेल तर फायरवॉलडी ते नाकारतो: पोस्टराउटिंगच्या, म्हणजे पॅकेट बाहेर पडतानाच्या, टप्प्यावर ते कुठल्या कार्डावरून आत आलं यावर तो नियम लावत नाही. आयपी फॉरवर्डिंगचं सिसकंट्रोल वेगळं लावायची गरज नाही, आयपीव्ही४ साठी मास्करेडबरोबर ते होतं.

इंट्रानेट साइटचं कारण वेगळं आहे. काही मशिनींचा पत्ता, समजा १९२.१६८.१०.०/२४, तुम्ही सोर्स म्हणून एका वेगळ्या झोनला जोडला असणार. त्या झोनमध्ये एसएसएच आहे, एचटीटीपी नाही. एचटीटीपी आहे इंटरफेसच्या झोनमध्ये. ८ मध्ये सोर्सच्या झोनमध्ये नियम सापडला नाही की पॅकेट घरंगळत इंटरफेसच्या झोनमध्ये जायचं. याला झोन ड्रिफ्टिंग म्हणतात. तेव्हा लॉगमध्ये ‘अलाउझोनड्रिफ्टिंग इज एनेबल्ड’ असा इशारा दर वेळी येत होता आणि सगळे तो दुर्लक्षून पुढे जायचे. १.x मध्ये ते काढूनच टाकलंय. कॉन्फिगमध्ये ‘यस’ लिहिलेलं राहिलं तरी परिणाम शून्य. लीप या साधनाने अपग्रेड केलं असतं तर त्याने याच कारणावरून तुम्हाला आधीच अडवलं असतं. फाइली कॉपी केल्यामुळे तो पहारेकरी चुकला. उपाय सरळ आहे, त्या सोर्स झोनमध्येही सर्व्हिस घाला:

फायरवॉल-सीएमडी --परमनंट --झोन=<तुमचा झोन> --अ‍ॅड-सर्व्हिस=एचटीटीपी

‘नो रूट टू होस्ट’ वाचून राउटिंग टेबल तपासू नका. फायरवॉलडी ‘अ‍ॅडमिन-प्रोहिबिटेड’ असं आयसीएमपी उत्तर पाठवतो आणि क्लायंटवर त्याचं हेच वाक्य होतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पॅकेट बहुधा पोचलंय, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. नुसताच टाइमआउट झाला तर कुठेतरी ड्रॉप आहे, किंवा खरोखरच रस्ता नाही.

कॉपी केलेल्या फाइलींचा आणखी एक काच आहे. १.०.० पासून एकाच झोनमधल्या दोन इंटरफेसमध्ये फॉरवर्डिंग डीफॉल्टने चालू असतं. पण ते पॅकेजबरोबर येणाऱ्या झोन फाइलींमध्ये. /ईटीसी मधली तुमची जुनी फाइल त्यांच्यावर पडते आणि तिच्यात ‘फॉरवर्ड’ ही ओळ नाही. आतल्या झोनमध्ये दोन कार्डं असतील, समजा एक तारेचं आणि एक वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाणारं, तर --झोन=इंटर्नल --क्वेरी-फॉरवर्ड विचारा; ‘नो’ आलं तर --अ‍ॅड-फॉरवर्ड करा. उलट बाजूही बघा: ज्या सर्व्हरवर दोन वेगळी नेटवर्कं आळसाने पब्लिकमध्येच ठेवली आहेत, तिथे आयपी फॉरवर्डिंग चालू असेल, आणि डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्राम) ते चालू करतोच, तर ती नेटवर्कं आता एकमेकांना दिसू शकतात. तिथे --रिमूव्ह-फॉरवर्ड.

जुन्या झोनमध्ये टीएफटीपी-क्लायंट सर्व्हिस असेल तर ती काढा, ९ मध्ये ती नाही. अशा चुका फायरवॉल-सीएमडी --चेक-कॉन्फिग दाखवतो. आयसीएमपी ब्लॉकही आता फक्त इनपुटला लागतात, फॉरवर्डला नाही. आणि एनएटीचे (पत्ता बदलण्याचे) नियम एनएफटेबल्समधल्या आयपी कुटुंबातल्या टेबलातून आयनेट कुटुंबात गेलेत, म्हणून ‘एनएफटी लिस्ट टेबल आयपी फायरवॉलडी’ वाचणारी तुमची एखादी मॉनिटरिंग स्क्रिप्ट आता रिकामी येईल.

डायरेक्ट नियम, म्हणजे फायरवॉलडीमार्फत थेट आयपीटेबल्सच्या भाषेत लिहिलेले, तपासाच. ते आजही चालतात, पण कालबाह्य ठरवले आहेत आणि ते आयपीटेबल्समध्येच जातात. डायरेक्टमध्ये ड्रॉप केलेलं पॅकेट तिथेच मरतं. अ‍ॅक्सेप्ट केलेलं मात्र सुटत नाही, त्याला पुढे एनएफटेबल्सच्या नियमांतूनही जावं लागतं. ‘नियम तर लिहिलाय, काउंटरही वाढतोय, तरी अडतं’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. पीपीपीओई ब्रॉडबँडवर एमएसएस क्लॅम्पसाठी (पॅकेट लाइनला मावेल एवढंच ठेवायला) डायरेक्ट नियम ठेवण्याची पद्धत आहे. आता त्यासाठी रिच रूल (फायरवॉलडीचा सविस्तर नियम) आहे:

फायरवॉल-सीएमडी --परमनंट --पॉलिसी लॅन-टू-वॅन --अ‍ॅड-रिच-रूल='रूल टीसीपी-एमएसएस-क्लॅम्प व्हॅल्यू=पीएमटीयू'

पिंग चालतं, काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात, असं दिसलं तर हाच नियम राहिलाय.

एवढ्यावरही काही अडलं तर --सेट-लॉग-डिनाइड=ऑल करून जर्नलसीटीएल -के (कर्नलचा लॉग) बघा. ओळीत ‘आउट=’ च्या पुढे इंटरफेसचं नाव असेल तर पॅकेट फॉरवर्डमध्ये अडलंय, पॉलिसी बघा; रिकामं असेल तर इनपुटमध्ये, झोन बघा. पण ही कमांड स्वतःच रीलोड करते, त्यामुळे फक्त रनटाइममध्ये केलेले बदल उडतात. ठेवायचे असतील तर आधी --रनटाइम-टू-परमनंट चालवा. काम झालं की ‘ऑफ’ करा, नाहीतर जर्नल फुगतं.

हे सगळं दुरून एसएसएचवर करत असाल तर आधी /ईटीसी/फायरवॉलडी चा बॅकअप घ्या आणि दुसरं सेशन उघडं ठेवा; रीलोडमध्ये जुळलेली कनेक्शन टिकतात. सेशन टिकलं म्हणजे फायरवॉल बरोबर आहे असं मात्र नाही. नव्याने लॉगिन करून बघितल्याशिवाय पहिलं बंद करू नका.

फायरवॉलडी २.x बद्दलही विचारलंय. २.०.० मध्ये झोनना प्रायॉरिटी देता येऊ लागली आणि एनएफटेबल्सचा फ्लोटेबल (जुळलेल्या कनेक्शनांची पॅकेट झटपट पुढे सोडणारा) आला. गेटवेवरचा सीपीयू फॉरवर्डिंगने भरत असेल तर तो उपयोगी, पण डीफॉल्टने बंद असतो. २.३.० मधलं ‘स्ट्रिक्टफॉरवर्डपोर्ट्स’ मला सगळ्यांत कामाचं वाटतं. वर सांगितलेल्या त्याच डीएनएटी नियमामुळे डॉकरने प्रकाशित केलेलं पोर्ट तुमच्या झोनला न विचारता बाहेर उघडं पडतं. हा पर्याय ‘यस’ केला की फायरवॉलडीत स्वतः लिहिलेलं फॉरवर्ड पोर्टच चालतं. त्यासाठी तुमच्या ९ वर बाहेरून २.x बसवू नका. तोवर कंटेनरचं पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा आणि पुढे रिव्हर्स प्रॉक्सी ठेवा.