रोबोटला असला हात मिळतो, मग मला का नाही?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी कडबाकुट्टीत त्याचा उजवा हात गेला, मनगटाच्या वर चार बोटं. आता दिवसभर मोबाईलवर रोबोटचे व्हिडिओ बघतो, रोबोट अंडं उचलतो, बाटलीचं झाकण फिरवतो, आणि मला विचारतो, ताई, यंत्राला असला हात मिळतो मग मला का नाही? रात्री म्हणतो नसलेली बोटं दुखतात. काय सांगू त्याला?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, आधी दुखण्याचं. ते खरं दुखणं आहे, भास म्हणून सोडून देऊ नका. हात गेला तरी मेंदूत त्या बोटांची जागा तशीच असते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर औषधं आहेत, आरशासमोर करायचे व्यायाम आहेत.

आता हाताचं. तुम्ही स्वतःचा हात कोपराच्या जरा खाली दुसऱ्या हाताने घट्ट धरा आणि बोटं हलवून बघा. आत काहीतरी सरकतंय ना? बोटं हलवणारे मोठे स्नायू पंजात नसतातच, ते इथे असतात, आणि भावाचे त्यातले बरेचसे शिल्लक आहेत. त्याला म्हणा, गेलेली मूठ आवळ, आता उघड. स्नायू हलला की बारीकशी वीज तयार होते, ती कातडीवरून पकडता येते आणि मायोइलेक्ट्रिक हात त्याच्यावरच चालतो.

मग रोबोटसारखं का जमत नाही? रोबोटला काय करायचंय ते त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये असतं, तारा थेट जोडलेल्या, वजन त्याचं तो पेलतो. भावाच्या मनातलं मात्र बहुतेक वेळा कातडीवरच्या दोन जागांवरून ओळखायचं असतं, त्यात घाम आला की सिग्नल गडबडतो, आणि अर्धा किलोच्या आसपासचं वजन दिवसभर स्टंपवर, म्हणजे उरलेल्या हातावर, लटकतं. इटलीत पिसाला यावर एक सुंदर उपाय काढलाय, हाताला १९ सांधे पण मोटर एकच, एकच दोरी सगळ्या बोटांतून फिरते, एक बोट वस्तूला टेकून थांबलं तरी बाकीची पुढे वळत राहतात आणि हात आपोआप वस्तूचा आकार घेतो. तोच हात रोबोटलाही लावतात आणि माणसांवरही त्याचे प्रयोग झालेत.

सगळ्यात अवघड आहे ती स्पर्शाची जाण. चहाचा कागदी कप किती दाबायचा हे आपल्याला न बघता कळतं, मोटरच्या हाताला नजर लावून बसावं लागतं. २०१३ मध्ये रोमला डेन्मार्कच्या एका माणसाच्या, त्याचा डावा पंजा फटाक्यांच्या अपघातात गेला होता, दंडातल्या मज्जातंतूंमध्ये इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोचवणाऱ्या बारीक तारा, बसवले, आणि डोळे बांधूनसुद्धा यंत्राच्या हातातली वस्तू मऊ की कडक, गोल की चौकोनी हे त्याला सांगता येऊ लागलं! ट्रायल महिनाभराची होती, नंतर ते इलेक्ट्रोड काढले.

म्हणून मला मनापासून वाटतं, त्याने आकड्याचा हात आधी वापरून बघावा. खांद्याच्या पट्ट्याला केबल, खांदा ताणला की आकडा उघडतो. अमेरिकेत डोरन्स नावाच्या माणसाने १९१२ ला याचं पेटंट घेतलं, त्याचा स्वतःचाच हात गेलेला होता. दिसायला तो हातासारखा नाही हे खरं, पण केबलचा ताण खांद्याला कळतो, म्हणजे थोडी का होईना जाण मिळते, आणि शेतातल्या चिखलाधुळीत तो टिकतो. मायोइलेक्ट्रिकला पाणी आणि धूळ बहुतेक चालत नाही, रोज चार्जिंग वेगळं.

उशीर मात्र करू नका, जितका लवकर हात बसतो तितकी तो वापरात राहायची शक्यता जास्त, आणि एकदा एका हाताने सगळं करायची सवय लागली की मग तो खुंटीला टांगलेलाच राहतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, तिथे दाखवा. सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो तो साचा, टोचत असेल तर सहन करत बसू नका, पुन्हा पुन्हा जाऊन दुरुस्त करून घ्या. आणि जायच्या आधी, उजव्या हाताने कोणती तीन कामं करायचीत ते त्यालाच कागदावर लिहू द्या, डाव्या हाताने वेळ लागेल, लागू दे, तो कागद सोबत न्या.